एकतीस दोऱ्यांचा वारस

मी, डॉ. जरीना अब्दुल गनी, वय अडुसष्ट, मुलांची डॉक्टर, राहणार नागभीड, कोणीही भरीस न घालता आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा दाखला डॉ. दानिश यांनी दिला आहे. ते माझेच विद्यार्थी, तेव्हा मी रागावेन म्हणूनही दिला असेल. पण आज गुरुवार आहे हे मला माहीत आहे. गोंधळ आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

कलम १. शरियतप्रमाणे मला एक तृतीयांशच मर्जीने देता येते. बाकी सगळे भाऊ नदीमचे, त्याच्याशिवाय मला कोणी नाही. घराची पुढची खोली मात्र माझ्या तृतीयांशात धरावी. तिथे १९९१ पासून मधुमेही मुलांचा गुरुवारचा दवाखाना चालतो आणि तो चालू राहावा. नदीमला तिथे टाइल्सचे दुकान टाकायचे आहे. मागच्या ईदला तो शीरखुर्मा खाऊन झाल्यावर खिशातून टेप काढून माप घेत होता. मी जिवंत असेपर्यंत त्याने टेप आणू नये.

कलम २. इन्सुलिनचा फ्रिज खोलीबरोबर जावा. तो तृतीयांशात बसतो की नाही हे वकिलांनी दोनदा समजावले, दोन्ही वेळा वेगळे. मला कळलेले नाही, तरी फ्रिज हलवू नये आणि त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवू नयेत. डॉ. दानिश यांचा त्यावर डोळा आहे. ते साक्षीदार असल्याने त्यांना काही मिळणार नाही, याचे मला बरे वाटते.

कलम ३. कपाटाखालच्या पेटीत एकतीस दोरे आहेत. त्यांचे काय करावे, याच्यापायी हे मृत्युपत्र तीनदा फाडले.

१९९६ साली मी संशोधन सुरू केले. ज्या आयांना लिहिता येत नाही त्यांनी घरीच मुलाची लघवी निळ्या औषधात उकळायची आणि जो रंग येईल त्या रंगाचा धागा दोऱ्याला बांधायचा. निळा म्हणजे साखर नाही, मग हिरवा, पिवळा, आणि लाल म्हणजे साखर फार. महिन्याने दोरा घेऊन यायचे आणि त्यावरून मी इन्सुलिन ठरवायची. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना नियम एकच होता, आईच्या दोऱ्यावर शंका घ्यायची नाही. शहरातली पोरे गावच्या बायांना अडाणी समजतात, याची मला चीड होती.

त्या वर्षी डॉ. नाहीद ही चंद्रपूरची मुलगी माझ्याकडे होती. कुरखेड्याकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, बुधरीबाई आपल्या नऊ वर्षांच्या रीनाला आणायची. तीन महिने दोरा निळाच. नाहीद म्हणाली, "मॅडम, पोरगी वाळून राह्यली अन् दोरा निळाच काऊन? एकदा इथीच तपासून पाहू ना."

मी सगळ्यांसमोर म्हटले, "आयांवर विश्वास नाई, तर चंद्रपूरले वापस जा." ती गेली. मी इन्सुलिन वाढवले नाही.

डिसेंबरात रीना गेली. पंधरा दिवसांनी बुधरीबाई एकटीच दोरा परत करायला आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "लाल आणला का तुमी रागावता, बाई. मनून मी लहान्या पोराचं, विनोदचं उकळत होती. त्याचं निळंच येते."

मी रागवायची, हे खरे आहे. लाल धागा दिसला की काय खाऊ घातले म्हणून ओरडायची. आयांवर विश्वास ठेवा असे डॉक्टरांना शिकवायचे आणि आयांना धाक घालायचा, हे दोन्ही मीच करत होते आणि मला ते दिसले नाही.

बाकीच्या तीस जणींनी काय केले, मी विचारले नाही. भीती वाटली. १९९८ साली निबंध छापून आला, त्यात नाहीदचे नाव नाही आणि रीना 'पाठपुराव्यातून सुटली', म्हणजे नुसती यायची थांबली, असे आहे. त्यावर भाषणे दिली. अकरा तरुण डॉक्टर तो निबंध शिकून गेले आणि त्यांच्या हाताखाली आज किती मुले आहेत, मला माहीत नाही. कोणता दोरा खरा आणि कोणता भीतीचा, तेही माहीत नाही.

कलम ४. आधी दोरे दानिशला दिले होते, ते खोडले. मग जाळावे असे लिहिले, तेही खोडले. आता पेटी, वह्या आणि पुढची खोली डॉ. नाहीद यांना देते. त्या गडचिरोलीला मुलांचा दवाखाना चालवतात. दर ईदला फोन करतात, दोऱ्यांचा विषय काढत नाहीत. त्यांनी माफ केले की नुसते सांभाळून घेतले, मला उलगडत नाही. जेवढ्या आया हयात आहेत त्यांच्याकडे त्यांनी जावे आणि मी विचारले नाही ते विचारावे. जे निघेल ते माझ्या नावासकट छापावे. अकराही जणांना या कलमाची प्रत आजच टपालाने जात आहे, कारण मरेपर्यंत थांबले तर माझा विचार पुन्हा बदलेल.

हे सगळे मी साक्षीदारांना वाचून दाखवले. दुसऱ्या साक्षीदाराने खाली मान घालून ऐकले. मग अंगठ्याला शाई लावून हात तसाच वर धरला आणि मला विचारले, "चुकीच्या जागी लागला तर रागावणार नाई ना, बाई?"

नाही म्हटले. तिला ते खरे वाटले की नाही, कळले नाही.

सही: जरीना अब्दुल गनी

साक्षीदार:
१. डॉ. दानिश, चंद्रपूर (सही)
२. बुधरीबाई, रीनाची आई (डाव्या हाताचा अंगठा, योग्य जागी)

नागभीड, गुरुवार, १५ नोव्हेंबर २००७