येतो म्हणू नये

ता. ३ फेब्रुवारी १९४६, रविवार

आज नागपूरला पोचलो. पारशिवनीहून निघालेली मोटार कामठीला बिघडली, तरी जेवणवेळेपर्यंत टाकळीच्या रस्त्यावर येऊन उभा राहिलो. रेडिओ केंद्राचा बंगला मनात होता त्यापेक्षा चांगला निघाला. समोर रुंद व्हरांडा, बाजूला कडुनिंब, मागे मला राहायला स्वतंत्र खोली. चपराशी रामाजीने माझी ट्रंक उचलली आणि विचारले, "मास्तर, गोटे भरून आणले का जी?" पुस्तके आहेत म्हटल्यावर म्हणाला, मंग गोटेच बरे होते, भिंतीले तरी कामी आले असते. पुष्कळ दिवसांनी मला हसू आले.

केंद्र लहान आहे. लष्कराने मोडीत काढलेले यंत्र एका मंडळाने घेतले आहे. त्यावरून आसपासच्या गावांसाठी रोज संध्याकाळी बातम्या, बाजारभाव आणि शेतीची माहिती सांगतात. गावोगावी बॅटरीवर चालणारे रेडिओ मंडळानेच दिले आहेत. पारशिवनीचा रेडिओ आमच्या भाऊजींच्या ओसरीवर आहे, कारण ते गावचे पटवारी. म्हणजे माझी मुलगी गोपिका मला रोज ऐकू शकेल.

माझी पत्नी सत्यवती गेल्यापासून गोपिका आत्याजवळ, माझ्या थोरल्या बहिणीजवळ, मनकर्णाबाईजवळ आहे. सहा वर्षांची आहे. मी निघताना रडली नाही, फक्त कधी येणार एवढे विचारले. मी सांगितले, रोज रेडिओवर शेवटी मी "येतो" म्हणीन, तू आपल्याकडे पाहुण्यांना म्हणतात तसे "या" म्हणायचे. पाडव्यानंतर नोकरी कायम झाली की तिला इथे आणायला मंडळाची हरकत नाही. शाळा सोडून आलो ते त्यासाठीच.

ता. ६ फेब्रुवारी, बुधवार

पहिला कार्यक्रम केला. अडखळलो नाही. कागदावर शेवटचे वाक्य "आजचा कार्यक्रम संपला" असे होते. ते वाचून मी "येतो" म्हटले. यंत्र सांभाळणारे कृष्णकांतबाबू काचेपलीकडून हसले. त्यांना आवडले असावे.

बाहेर आलो तर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर एक उंच, वाळलेले गृहस्थ पाय पसरून बसले होते. हे मनोहरराव खडतकर, आधीचे मॅनेजर. मंडळाने त्यांना दिवाळीच्या सुमारास काढले. कारण रामाजीने सांगितले. मनोहरराव दुसऱ्या कोणाला मायक्रोफोनपाशी बसू देत नसत. शेतकरी, सावकार, सासू, सून, सगळ्यांचे आवाज स्वतःच काढत. हुबेहूब काढत. कोराडीची माणसे ती सून पाहायला इथवर चालत आली होती म्हणे. काढून टाकले तरी ते रोज संध्याकाळी येतात, घरून आणलेल्या त्या खुर्चीवर बसून कार्यक्रम ऐकतात आणि चुका काढतात. मला त्यांनी एवढेच विचारले, "मास्तर, बातम्या सांगून राहिले होते का हजेरी घेऊन राहिले होते?"

ता. १३ फेब्रुवारी, बुधवार

मनोहररावांनी आज मला खुर्चीपुढे उभे करून घेतले. चुकीच्या उच्चारांबद्दल असेल असे वाटले, पण ते "येतो" या शब्दाबद्दल होते. त्यांचे म्हणणे असे की हा शब्द आजपासून बंद. मयताच्या घरून उठताना कोणी येतो म्हणते का, उठते आणि मुकाट्याने चालू लागते. तुम्ही तर एकाच वेळी गावोगावच्या ओसऱ्यांवर बसले आहात. कोणत्या घरी कालपरवा कोणी गेले आहे हे तुम्हाले काय माहीत. मी इतकी वर्षे रामराम म्हणून उठलो, ते उगाच नाही.

रीत मला माहीत आहे. सत्यवतीला पोचवून आल्यावर लोक एकेक करून न बोलता उठले होते. पण रेडिओ म्हणजे पाहुणा नव्हे. शिवाय गोपिका वाट पाहते. मी ऐकून घेतले आणि संध्याकाळी नेहमीसारखेच "येतो" म्हटले. खिडकीतून त्यांचे डोके दिसत होते. ते हलले नाही.

ता. २१ फेब्रुवारी, गुरुवार

मंडळाची बैठक झाली. बोलावणे नसताना मनोहरराव आले आणि मला कायम करू नये म्हणाले. कारण विचारल्यावर त्यांनी माझा आवाज काढला. माझा खाकरा, माझे अडणे, बाजारभाव वाचताना मध्येच खाली जाणारा सूर, सगळे. सभासद हसून हसून बेजार झाले. मीही हसलो असतो, पण शेवटी त्यांनी माझ्याच आवाजात "येतो" म्हटले आणि त्यात मी गोपिकेसाठी जे ठेवतो तेही होते. ते त्यांना कुठून कळले?

मला कायम केले नाही तर गोपिका तिकडेच वाढेल. मी लेखी तक्रार दिली. असे मी पूर्वी कधी केले नव्हते.

ता. २८ फेब्रुवारी, गुरुवार

मंडळाने तक्रार मान्य केली. मनोहररावांना आवारात येण्याची मनाई झाली. रामाजीला फाटकावर उभे राहून सांगावे लागले. त्याने मान खाली घालून सांगितले. मनोहररावांनी वाद घातला नाही. रामाजीने खुर्ची आणून देऊ का विचारले, तर म्हणाले, राहू दे गा, बसायले लागंल. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जातो, मास्तर."

येतो म्हणाले नाहीत. आमच्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत.

ता. ७ मार्च, गुरुवार

मनोहरराव आज दुपारी गेले. जेवून पान लावत होते, पान तोंडात घालायचे राहिले.

त्यांचे काही सांगायचे तर मीच सांगणे योग्य असे कृष्णकांतबाबू म्हणाले. मी चार ओळी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या. ते काढत त्या सुनेच्या आवाजाचाही उल्लेख केला. वाचताना आवाज स्थिर होता. निधनवार्ता शेवटी होती. ती संपली, मी कागद खाली ठेवला आणि सवयीने म्हणालो, "येतो."

म्हटल्यावर लक्षात आले. कृष्णकांतबाबू काचेपलीकडे होते. या वेळी हसले नाहीत.

ता. ८ मार्च, शुक्रवार

धंतोलीला त्यांच्या घरी जाऊन आलो. मनोहररावांची पत्नी जिजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगा जबलपूरहून यायचा म्हणून काल रात्रभर मनोहररावांना घरातच ठेवले होते. त्यांच्याबद्दल सांगणार आहेत असे कळल्यावर कोणीतरी रेडिओ लावून त्यांच्या उशाशी ठेवला. माणसे भोवती बसली होती. जिजाबाईंनी मला विचारले, मास्तर, तुम्ही येतो म्हणाले, तवा या कोण म्हणालं?

मी म्हणालो, सवयीने कोणी म्हटले असेल. त्या म्हणाल्या, बसल्या माणसांत कोणी म्हटलं नाही जी, मी एकेकाले विचारलं. मग पदर तोंडाशी घेऊन म्हणाल्या, आवाज यांचा होता.

उठताना मी काहीच बोललो नाही. आजपासून कार्यक्रम रामराम म्हणून संपवणार.

ता. १४ मार्च

आठवडाभर मी तो शब्द उच्चारलेला नाही. तरी वाडीचा एक माणूस फाटकाशी येऊन म्हणाला, तुम्ही रामराम म्हणता आणि मग थोड्या वेळानं येतो म्हणता, दोनदा काहून निरोप घेऊन राहिले? कृष्णकांतबाबूंनी त्याला समजावले की रामराम झाल्याबरोबर यंत्र बंद होते. तो म्हणाला, आमचं काही नाही जी, घरात ज्याले त्याले आपापल्या माणसाचा आवाज येते. याचा अर्थ त्याला विचारला, तर नीट सांगता आला नाही.

खुर्ची व्हरांड्यातच आहे. तिचा वेत करकरतो. वारा असेल. मला वाऱ्याचेच वाटते.

ता. १९ मार्च

रामाजी कोराडीला बॅटरी बदलायला गेला होता. दुपारीच परतला आणि विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी घेत बसला.

तिथे जयवंता नावाची म्हातारी होती. मुलगा ब्रह्मदेशात लढाईत गेला. त्याची माती मिळाली नाही. गेले काही दिवस ती गावात सांगत होती की कार्यक्रम संपल्यावर पोरगा रेडिओतून येतो म्हणतो. लोकांनी सोडून दिले. काल रात्री तिने त्याला "ये बाप्पा" म्हटले, हे शेजारणीने ऐकले. सकाळी दार उघडे होते आणि म्हातारी उंबरठ्यावर पडली होती. गेलेली. रामाजी म्हणाला, मास्तर, तिनं दोन ताटं वाढली होती. त्यानंतर म्हणाला, दोन्ही ताटांतलं जेवलेलं होतं जी.

मनोहरराव कोणाचाही आवाज काढत. पण त्या पोराचा त्यांनी कुठे ऐकला?

ता. २२ मार्च

मोटारवाल्याबरोबर मनकर्णाबाईचा निरोप आला. पोरगी बंद रेडिओपुढं बसून "ये, ये" म्हणून राहिली, तुही लय आठवण येऊन राहिली तिले, एकदा येऊन जाय.

मी वाचेपर्यंत — नव्हे, निरोप तोंडी होता. मोटारवाल्याकडून दोनदा वदवून घेतला. "ये" म्हणते. नक्की "ये".

मला ती "या" म्हणते. बापाला कोणी "ये" म्हणत नाही.

पारशिवनीची बॅटरी गेल्या आठवड्यापासून इथे, माझ्या खोलीबाहेर, भरायला ठेवलेली आहे. तो रेडिओ बोलूच शकत नाही.

उद्या पहिल्या मोटारीने जातो.

येतो. पहिल्या मोटारीने येतो, असे लिहायचे होते.

ता. २३ मार्च

गोपिकेला घेऊन आलो. मंडळाला विचारले नाही. नोकरी राहो न राहो. मनकर्णाबाई भांडली, पोरगी बरी आहे म्हणाली. खरेच बरी आहे. खुशीत आहे. मोटारीत सगळा वेळ बोलत होती.

त्या घरातून तिला काढायची होती. सत्यवती त्याच घरात गेली, शेवटच्या दुखण्यात तिला तिथेच ठेवले होते. इथे कोणाचे मयत झालेले नाही. मनोहररावांनी सांगितले ते तेवढेच होते — ज्या घरी मयत, तिथे येतो म्हणू नये.

रामाजीला खुर्ची जाळायला सांगितले. त्याने हात लावला नाही. मीच कडुनिंबाखाली नेऊन जाळली. वेत ओला असल्यासारखा धुमसला.

ता. २४ मार्च, सकाळ

गोपिकेने स्वतःहून सांगितले. वेणी घालून देत होतो तेव्हा.

रेडिओत आई येतो म्हणते. आमच्याकडे बायकाही येतोच म्हणतात. म्हणून रेडिओत येतो म्हणते हे पोरीचे बोलणे ऐकून मोटारवाल्याला, मनकर्णाबाईला, कोणालाच काही वेगळे वाटले नसेल. रोज म्हणते. गोपिका तिला ये म्हणाली.

मी विचारले, मग आली का.

नाही आली, म्हणाली. मी तिले सांगतलं न, आत्ताच नको येऊ. बाबा असन तवा ये.

दुपार

मोटार नाही. आज एकही नाही. रामाजी सकाळपासून दिसला नाही. कृष्णकांतबाबूंना सगळे सांगितले. ते म्हणाले, आज कार्यक्रम ठेवू नका, यंत्र सुरूच करत नाही. तारा सोडवून ठेवून गेले.

ठीक आहे. यंत्र नाही, रेडिओ नाही. दार लावले आहे.

घर आणि मयत — मी विसरलो होतो. सुतक घर धरून नसते. माणसाबरोबर जाते. आम्ही दोघे जिथे आहोत तेच ते घर.

संध्याकाळ

कार्यक्रमाची वेळ झाली. बाहेर व्हरांड्यात करकर — वेताची. खुर्ची मी जाळली. राख अजून कडुनिंबाखाली आहे, खिडकीतून दिसते आहे.

माझ्या आवाजात बाजारभाव वाचून झाले. खाकरा, अडणे, सगळे. गोपिका हसली.

मनोहरराव, मी हात जोडतो. तुमची जागा घ्या. तक्रार मी —

आवाज थांबला.

आता ती. सत्यवती. दाराशी.

मनोहररावांचे नकला करणे आहे हे. आहेच. पण त्यांनी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. ती नागपूरला कधी आलीच नाही. ताप चढला तेव्हा शब्दाच्या शेवटी जो श्वास लागायचा, तो मी एकट्याने ऐकला आहे, उशाशी बसून. तोच आहे.

विचारते आहे, झोपली का वं पोरगी. विचारते आहे, तुम्ही जेवले का.

येतो म्हणाली.

डावा हात गोपिकेच्या तोंडावर आहे. उजव्याने लिहितो आहे. लिहीत राहिलो तर बोलणार नाही. लिहीत राहायचे. काहीही. कडुनिंब. टाकळी. पारशिवनी. लिहीत —

पुन्हा म्हणाली. बाहेर गार आहे म्हणते.

गोपिका हात चावते आहे. तिचे तोंड मी दाबून धरले आहे. माझे कोण —