कल्पिताच्या हळदीला नुसता बाप म्हणून जाता यावे याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विद्यापीठ नॅनोविज्ञान संस्था,
कासाजवळ, ता. डहाणू, जि. पालघर

अर्जदार : देवजी लाहू वरखंडे, प्रयोगशाळा परिचर, रा. आंबेपाडा (संस्थेच्या कुंपणालगत)

विषय : शुक्रवार दि. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी पाड्यावरील नाच थांबवण्याच्या कामातून मोकळे करणे व तसे लेखी पत्र मिळणे.

संदर्भ : सूक्ष्मदर्शक बसवला त्या पावसाळ्यातला आपला तोंडी आदेश.

महोदय,

१. संस्थेच्या तळघरातला मोठा सूक्ष्मदर्शक डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तू दाखवतो, आणि तेवढ्याच बारीक कारणावरून रुसतो. उखळात मुसळ पडले, ढोलावर थाप पडली, पोरांनी एका तालात पाय आपटले, की पडद्यावरचे चित्र हलते. अर्जदार पाड्यात राहतो आणि संस्थेत नोकरी करतो, म्हणून आपण म्हणालात, "देवजी, तू आपला माणूस, तूच सांग त्यांना." पाड्यावरही त्याला "आपला माणूस" असेच म्हणतात. दोन्हीकडच्या आपल्या माणसाचे काय होते, ते पुढे सादर केले आहे.

२. चित्र हलले की संशोधक भाविक तळघराच्या दाराशी येऊन आपल्या गुजराती वळणाने म्हणतो, "देवजीभाई, जरा जाऊन या ने." पोरगा गुणी आहे. त्याचा प्रबंध एका स्थिर चित्रासाठी अडून बसला आहे आणि वापीहून आईचा फोन आला की तो "बस, झालंच" म्हणतो. त्याचे तोंड पाहिले की अर्जदाराच्याने नाही म्हणवत नाही. तो चपला घालतो, कुंपणाच्या फटीतून जातो आणि जे काही चालले असेल ते थांबवतो.

३. पाड्याने आजवर ऐकले. उखळातले कांडण आता सूक्ष्मदर्शक बंद असतानाच होते. मागच्या गौरीचा नाच बसून झाला. बसून नाचणे कसे दिसते ते आपण पाहिले नाही, ते बरे. परंतु गेल्या थंडीत भूकंपाचा धक्का बसला. आमच्याकडे हे धक्के जवळच्या पाहुण्यासारखे, न कळवता येतात. भांडी पडली, माणसे अंगणात आली, आणि तेवढ्यात अर्जदार कुंपणातून हजर. तळघराची फरशी रबरावर बसवलेली असल्याने आत कोणाला काही कळले नव्हते, कळले ते फक्त चित्राला. शेजारची हिराबाई म्हणाली, "आलास? आता खाली धरतीला सांगून ये, मंग आमाला सांग." संस्थेत मात्र 'पाड्यावरील हालचाल' अशी नोंद होऊन अर्जदाराकडून खुलासा मागवण्यात आला. भूकंप झाला होता, असा खुलासा त्याने दिला. त्यावर शेरा आला, "यापुढे दक्षता घ्यावी." अर्जदार तेव्हापासून दक्षता घेत आहे.

४. संस्थेच्या वर्धापनदिनी यंत्र बंद ठेवून गच्चीवर गरबा होतो. त्याबद्दल तक्रार नाही. पोरे वर्षभर तळघरात असतात, त्यांनी नाचावे. गेल्या वर्षी कुंपणाशी उभ्या असलेल्या पाड्यातल्या माणसांना आपण स्वतः "या ना, तुम्हीही या" म्हणून हाक मारलीत. कोणी आले नाही, याचे आपल्याला वाईट वाटले. महोदय, त्यांना लाज वाटत नव्हती. फाटकाशी अर्जदार खुर्च्या उचलत होता, तो त्यांना दिसत होता.

५. मूळ अडचण हीच आहे. अर्जदाराला आता काही सांगावेच लागत नाही. तो जेवायला घरी निघाला तरी मुसळ वरच्या वर राहते. लंगडी खेळणारी पोरे एका पायावर थांबतात आणि तो पुढे गेला की दुसरा पाय हळूच टेकतात. बायको जमुना म्हणते, "तुमी आलात का घर कसं मुकं होतं. लांबून खोकत तरी येत जा." अर्जदार खोकत जातो. आता खोकला ऐकूनच सगळे थांबतात.

६. अर्जदाराची मुलगी कल्पिता हिची हळद वरील तारखेस आहे. त्याच दिवशी बाहेरगावच्या पाहुण्या संशोधकांना यंत्र दिलेले आहे. भाविकने आपली पुढची पाळी त्यांना देऊ केली, पण ते मानले नाहीत. त्यांचेही बरोबर असेल. साखरपुड्याला मात्र असे झाले, की सरावली गावाहून आणलेला ढोल रंगात आला असताना अर्जदार पाहुण्यांसाठी पाण्याचा हंडा घेऊन मांडवात शिरला. आमच्या माणसांचे पाय जागच्या जागी थांबले. ते पाहून ढोलवाल्यानेही हात वर घेतला. कोणी वारले की काय, म्हणून नवऱ्याकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कल्पिता उठून आली, हंडा आपल्याकडे घेतला आणि हळूच म्हणाली, "बाबा, हळदीला तुमी कामावरच जा." रागाने म्हणाली असती तर अर्जदाराने हा अर्ज केला नसता.

७. सबब विनंती की, त्या दिवशी नाच थांबवण्यास दुसरा माणूस नेमावा. जो येईल त्याने आधी जेवून घ्यावे, निरोप नंतर सांगावा. तसेच शिक्क्यानिशी एक पत्र द्यावे : "देवजी वरखंडे हे आज फक्त मुलीचे वडील म्हणून आले आहेत. त्यांना पाहून कोणी थांबू नये." पत्र मांडवात भाविकने वाचावे. अर्जदाराने वाचले तर कोणाचा विश्वास बसणार नाही.

८. असे पत्र नियमात बसत नसल्यास हळद अडणार नाही. अर्जदार मुलीच्या सांगण्याप्रमाणे कामावर हजर राहील. मग एवढीच परवानगी असावी, की त्या संध्याकाळी त्याला तळघरात पडद्यासमोर बसू द्यावे. चित्र हलले, तर त्याला कोठेही धाडू नये. पोरीला हळद लागली, एवढे त्याला कळेल.

आपला नम्र, आणि पाड्याचाही,
देवजी लाहू वरखंडे
दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत : हळदीची पत्रिका, आपल्या नावाची.