पाचपैकी पाच

सौ. वहिनींना धाकट्या दिराचा आदरपूर्वक नमस्कार.

घरी सगळे ठीक असाल असं धरून चालतो. दादाचा गुडघा, तुमची कंबर आणि ढमीचे पाढे यांची चौकशी एकत्रच करतो, कारण तिन्हींना मध्येच अडकायची सवय आहे. तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसानं पत्र पाठवावं हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण फोनवर मला ठसका लागला की तुम्ही फोन कानापासून लांब धरता, आणि मग मला तुमच्याऐवजी तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. (फोनमधून जंतू येत नाहीत. येत असते तर एव्हाना अर्धं गाव आडवं झालं असतं.) कागदाचीही धास्ती वाटत असेल तर पत्र दिवसभर उन्हात ठेवा आणि मग वाचा. मी रागावणार नाही, आणि रागावलो तरी तुम्हाला कळायला तीन गल्ल्या पार कराव्या लागतील.

कारण असं, की काल डब्याच्या झाकणात तुमची चिठ्ठी मिळाली, ‘औषधाला गुण आहे का?’ मी या गोदामावरच्या खोलीत ‘चार दिवस’ राहायला आलो त्याला आता पाच महिने होतील. (गणिताचा मास्तर असूनही हे गणित मला सुटलेलं नाही.) एवढ्या काळात तुमच्याकडून आलेला हा पहिलाच प्रश्न, म्हणून सविस्तर उत्तर देतो. गुण आहे. वजन चार किलोनं वाढलं, ताप गेला, थुंकीतले जंतू दुसऱ्या महिन्यातच सापडेनासे झाले. सांधे दुखतात आणि सकाळच्या गोळ्यांनंतर तासभर जगाची शिसारी येते, पण डॉक्टर म्हणतात की ते चालायचंच. माझ्यापासून आता कोणाला काही होणार नाही, लोकांत मिसळा, असंही ते दर खेपेला सांगतात. मी मिसळायला तयार आहे, लोकांनी अजून काही ठरवलेलं नाही. शिकवणीला अकरा मुलं होती, ती अकरा वेगवेगळी कारणं सांगून गेली. एकाच्या आईनं कळवलं की त्याला आता गणित पूर्ण समजलं आहे. त्या मुलाला मी चांगला ओळखत असल्यामुळे मला खूप हसू आलं. मग आलं नाही.

दादाचं म्हणाल तर त्याच्या नियमितपणाला तोड नाही. डबा जिन्याखालच्या खिळ्याला अडकवतो, सायकलची घंटी दोनदा वाजवतो, आणि मी खाली उतरेपर्यंत त्याची पाठ कोपऱ्यावर वळलेली असते. (गुडघा दुखणारा माणूस इतक्या झपाट्यानं जाऊ शकतो, हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.) डॉक्टर काय म्हणाले ते मी त्याला फोनवर तीनदा सांगितलं. तीनदा तो म्हणाला, बघू, आणखी थोडे दिवस. तोंडच्या शब्दावर त्याचा विश्वास नाही, हे तुम्ही लग्नानंतर शिकलात, मी लहानपणीच शिकलो. त्याला कागद लागतो, आणि कागदावर गोल शिक्का लागतो.

आता मूर्खपणा कसा झाला ते ऐका. परवा दवाखान्यात गोळ्या घ्यायला गेलो तर बाकावर एक मुलगी फॉर्म वाटत बसली होती. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘क्षयरुग्णांच्या जीवनाची गुणवत्ता’. ज्यानं बावीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, त्याला ‘गुणवत्ता’ म्हटल्यावर पुढे ‘यादी’ दिसते. खाली सव्वीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, योग्य त्याला गोल करायचा. मी मनात ताडलं की पेशंटांची यादी लागणार, आणि वर येणाऱ्याला बरा झाल्याचं प्रमाणपत्र मिळणार, शिक्क्यासकट. ते दादाच्या हातात द्यायचं आणि त्याच्याच सायकलवर मागे बसून घरी यायचं, इथपर्यंत माझी मजल गेली. घेतलं पेन आणि सव्वीसच्या सव्वीस ठिकाणी पाचाला गोल केला. एकशेतीसपैकी एकशेतीस, सहा मिनिटांत. (आधी प्रश्न वाचा, मग पेन उचला, असं मी प्रत्येक परीक्षेला घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो आहे. तो घसा आता तुम्हाला माहीतच आहे.)

मुलीनं फॉर्म चाळला आणि तिचा चेहरा उतरला. पाच म्हणजे गुण नव्हते वहिनी, पाच म्हणजे ‘नेहमी’. भूक लागते का, नेहमी. झोप शांत लागते का, नेहमी. लोक टाळतात असं वाटतं का, नेहमी. स्वतःची लाज वाटते का, नेहमी. कामं आनंदानं करता का, नेहमी. जगून काय उपयोग असं मनात येतं का, तेही नेहमी. तिनं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि माझं लक्ष नाही असं समजून टेबलावरची कात्री हळूच खणात टाकली. घाबरू नका काका, असं ती मला म्हणाली, आणि आवाज तिचाच थरथरत होता. मग मी तिला यादीचं आणि शिक्क्याचं सगळं सांगितलं. ती हसली. हसता हसता थांबली आणि म्हणाली की आपण पुन्हा सुरुवातीपासून करू, मी वाचते, तुम्ही सांगा.

खरी फजिती इथे झाली. नीट वाचून उत्तरं देताना भुकेचे पाच खाली आले, झोपेचे पार घसरले, आनंदाच्या कामांना मी ओढूनताणून दोन दिले. पण लाजेचे आणि टाळण्याचे पाच काही केल्या उतरेनात. जगण्याच्या उपयोगापुढे मी तीन म्हणालो, तेसुद्धा तिच्या तोंडाकडे बघून. म्हणजे न वाचता लिहिलेला पेपर नेमका नको तिथे बरोबर निघाला. असा विद्यार्थी मला माझ्या नोकरीत भेटला नव्हता.

शेवटचा प्रश्न तिनं मान वर करून विचारला, ‘घरच्यांबरोबर बसून जेवता का?’

मी विचारलं की डबा घरचा असेल तर चालेल का. ती नाही म्हणाली. तेव्हा मी सांगितलं की रोज बसतो. दादा समोर असतो, वहिनी वाढतात, ढमी ताटावर पेंगत पाढे म्हणते आणि सतराला अडते. इतकं सांगितलं की तिला लिहायला जागा पुरेना. तिनं पाचाला गोल केला. मुलांच्या कॉप्या पकडण्यात माझा जन्म गेला, आणि या वयात मी स्वतः केली.

तुमचा राग नाही, वहिनी. ढमीची काळजी आई म्हणून तुम्हाला आहे तशी काका म्हणून मलाही आहे. तिची तपासणी झाली आणि काही निघालं नाही, त्या दिवशी मी जिन्यात बसून रडलो होतो. तुमच्या जागी मी असतो तर पहिला महिना मीही हेच केलं असतं. पाचवा केला नसता असं वाटतं, पण खात्री देत नाही. फक्त एक गोष्ट एकदा सरळ लिहून टाकतो. मला इथे फार एकटं वाटतं. जेवताना मी पेपर मोठ्यानं वाचतो, म्हणजे खोलीत कोणीतरी बोलतंय असं होतं. त्यातल्या त्यात क्रीडा पान बरं, त्यात माणसं पुष्कळ असतात.

दादाला नमस्कार. ढमीला सतराचा पाढा.

तुमचा,
गोदामावरचा दीर

ता. क. भाजीत मीठ कमी असतं असं मी दादाकडून दोनदा कळवलं होतं. मीठ बरोबर असतं. काहीतरी बोलणं व्हावं म्हणून कळवलं.

ता. क. दुसरा. महत्त्वाचं राहूनच गेलं. ती मुलगी येत्या मंगळवारी उत्तरांची खातरजमा करायला तुमच्याकडे येणार आहे. मी तुमच्यात जेवतो का, असं तुम्हालाच विचारेल. माझ्यापायी तुम्हाला खोटं बोलावं लागू नये, म्हणून त्याआधी एकदा मला जेवायला बोलवा. ताट-वाटी मी आणीन, खिडकीशी बसेन, दहा मिनिटांत उठेन. म्हणजे निदान उत्तर खरं ठरेल.

ता. क. तिसरा. मंगळवारी कोणी येणार नाही. ते मी रचलं. मला घरी यायचं आहे, वहिनी. येऊ का?