दुर्गाच्या फाईलमधली ती ओळ

।। श्री ।।
इंद्रलोक, भाईंदर पूर्व
७ जानेवारी २०२५

ती. स्व. विठूदादास,
दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मशीन तू कानात घालत नाहीस, म्हणून मुकाट्याने पेन हातात घेतलंय.

उजव्या बाजूला बरगडीखाली चार महिने दुखतंय. हॉस्पिटलात गेले की डॉक्टर कॉम्प्युटर उघडतात, काहीतरी वाचतात आणि एकदम गोड बोलायला लागतात. झोप लागते का, मन कशात रमवता, असं विचारतात नि शांत झोपेची गोळी देतात. पोटाला कोणी हात लावत नाही. शेवटी माझ्या लेकीने, समिधाने, भांडून फाईलचे कागद काढले. तीन वर्षांपूर्वी हे गेले, तेरावं झालं आणि आठवड्यात मला डेंग्यू झाला, तेव्हा ॲडमिट होते ना, त्या वेळचं लिहिलंय: कानात आवाज येतात, नसलेल्या माणसांशी दोन आवाजांत बोलते, मानसिक आजार. माहिती दिली सोबतच्या माणसाने. नाव नाही.

आता आजार म्हणजे लाज नव्हे. आमच्याच विंगमधली एक बाई मनाच्या गोळ्या घेते आणि माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. पण जे मला नाहीच, ते माझ्या माथी का? नव्या डॉक्टर रसिका म्हणाल्या, ज्याने सांगितलं त्यानेच लेखी दिलं तर दुरुस्त करता येईल. सोबत तू आणि शेजारची हंसाबेन दोघंच असायचात. तू असं बोलणार नाहीस. म्हणून आठ दिवस मी तिच्याकडे विरजण मागितलेलं नाही. केबिन रोडवरून दही आणते.

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दुर्गा


।। श्री ।।
मु. पो. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
१४ जानेवारी २०२५

चि. दुर्गास,
अनेक आशीर्वाद.

हंसाबेनकडचं विरजण आजच्या आज माग. चोर सोडून संन्याशाला फाशी देतेयस तू. ते मी सांगितलं होतं.

तू जेवत नव्हतीस, रडतही नव्हतीस. दिवेलागणीला खाटेवर बसून देवीला गाऱ्हाणं घालायचीस, की उत्तमरावांना नीट वाट दाखव, आणि स्वतःच खाली आवाज काढून 'होय महाराजा' म्हणायचीस. गावात दर शिमग्याला गाऱ्हाणं मीच घालतो. मागणारा एक असतो, होय म्हणणारे बाकीचे असतात. ते होय मी म्हणायला हवं होतं. तेव्हा माझे कान धड होते, पडद्याबाहेर बसून सगळं ऐकत होतो, पण गळ्यातून शब्द निघेना. म्हणून तुला दोन्हीकडचं बोलावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, ताप उतरला, उद्या घरी न्या. घरी गेलीस तर तूही त्यांच्या मागून जाशील अशी भीती वाटली. तुला आणखी चार दिवस ठेवून घ्यावं म्हणून मी वाढवून सांगितलं. आवाज ऐकू येतात हे धादांत खोटं होतं. पुढे विसरूनही गेलो. ते कागद तुझ्या मागे फिरत राहतील हे या अडाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

सगळं खरं वेगळ्या कागदावर लिहून, सही करून सोबत जोडलंय. मला माफ कर किंवा करू नको, पण पोट आधी दाखव.

तुझा अपराधी,
विठूदादा


।। श्री ।।
इंद्रलोक, भाईंदर पूर्व
३० जानेवारी २०२५

ती. स्व. विठूदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते तीन दिवस डाळीच्या डब्याखाली दाबून ठेवलं. रागावले होते. चार महिने दुखणं काढलं आणि कारण निघालं माझाच भाऊ. चौथ्या दिवशी पुन्हा वाचलं, तेव्हा 'गळ्यातून शब्द निघेना' या ओळीवर मी रडले. हे गेल्यापासून अशी रडले नव्हते.

डॉक्टर रसिकांनी तुझा कागद दोनदा वाचला, गाऱ्हाणं म्हणजे काय ते विचारून घेतलं. जुनं लिहिलेलं पुसता येत नाही म्हणाल्या. पण त्याखाली तारीख घालून लिहिलं, की ही माहिती चुकीची होती, भावाने तसं लेखी दिलंय, बाई दुःखात देवाची प्रार्थना करत होत्या, आजार नाही. कॉम्प्युटर उघडताच दिसते त्या जुन्या आजारांच्या यादीतून मात्र ती ओळ काढली. मग मला झोपायला सांगून त्यांनी पोट दाबलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा निघालाय. बारा फेब्रुवारीला ऑपरेशन.

हंसाबेनला सगळं सांगून टाकलं. ती हसली आणि वर मलाच विचारते, इतके दिवस ते विकतचं आंबट दही तू खाल्लंस कसं.

ॲडमिशनच्या फॉर्मवर पेशंटची माहिती देणाऱ्या नातेवाइकाचं नाव लागतं. समिधा स्वतःचं लिहीत होती. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि तुझं लिहिलं. दहा तारखेपर्यंत ये, येताना लोभ घेऊन ये. विचारतील तेव्हा दिसेल तेवढंच सांग. आणि भीती वाटली तर माझ्या बहिणीसाठी मला भीती वाटतेय, असंच सांग.

तुझी,
दुर्गा