न ऐकलेली बारा पानं

आदरणीय तात्या,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे मला कळतं. तरी लिहिते आहे. काल संपादकांनी साप्ताहिकातली तुमच्या सदराची जागा मोकळी ठेवली आणि म्हणाले, "कुसुम, श्रद्धांजली तूच लिही. तात्यांची शिष्या तू." मी तीनदा कागद घेतला. तीनदा "थोर चित्रपट समीक्षक" इथवर आले आणि पेन थांबलं. लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जे आहे ते तुम्हाला विचारायचं आहे.

का केलंत तुम्ही असं?

तुमच्या तेराव्याला अक्कांना, तुमच्या बहिणीला, मदत करायला आले होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी ट्रंक उघडून माझ्या हातात एक डबी ठेवली. तिला वायर होती. म्हणाल्या, "पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र. एक दिवस लावलं नाही. म्हणाला, हे लावून टॉकीजमध्ये गेलो तर पोरं म्हणतील, रेडिओ आला!"

"म्हणजे तात्यांना ऐकू येत नव्हतं?"

"दीड वर्ष झालं की गं! कानाशी ओरडलं तर थोडंफार. नाहीतर ओठांवरून ओळखायचा. तुला ठाऊक नव्हतं? तू तर दर शुक्रवारी बरोबर असायचीस!"

नव्हतं ठाऊक, तात्या.

सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं. पूर्वी तुम्ही सगळ्यात मागच्या रांगेत बसायचात. मग एकदम पुढून तिसऱ्या रांगेत बसायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, "चेहरे वाचायला शीक." मी ते वहीत लिहून घेतलं! गाण्यांवर लिहिणं तुम्ही सोडून दिलंत. मला वाटलं, तुमची अभिरुची आणखी कडक झाली. पूर्वी तुम्ही ऐकून घ्यायचात, अगदी माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीचंही. नंतर नंतर तुम्हीच बोलत राहायचात, दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचा नाहीत. मला वाटलं, माणूस मोठा झाला की असाच होतो.

टॉकीजसमोरच्या चहावाल्यानं एकदा विचारलं, "तात्या, साखर कमी टाकू का?" तुम्ही म्हणालात, "दोन आठवडे चालेल. जास्त नाही." सगळे हसले. मीही हसले. तात्यांचा विनोद! सिनेमा किती चालेल, असं त्यानं विचारलं असं तुम्हाला वाटलं होतं, हे आज कळतं.

जिना उतरताना तुम्ही कठडा घट्ट धरायचात. चक्कर येत असणार. मी हात पुढे केला की झिडकारायचात. तेही मला बाणेदारपणाच वाटलं. तुमच्यात जे जे उणं होत गेलं, ते ते मी मोठेपण म्हणून जमा करत गेले. ही चूक माझी. ती मी नाकारत नाही.

पण त्या बारा पानांचं काय?

गेल्या वर्षी मे महिन्यात मला जामखेडच्या हायस्कूलचं पत्र आलं. शिक्षिकेची जागा. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या गावात, बेलापुरात, ओळखीच्या प्रत्येकाला ते पत्र दाखवलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालासुद्धा! आणि मी ते घेऊन तुमच्याकडे आले. सोबत माझा पहिला मोठा लेख होता, आपल्या चित्रपटांतल्या शिकलेल्या मुलींवर. तुमचा नियम होता, लिहिलेलं कानानं तपासायचं. म्हणून मी तुमच्यासमोर बसून बारा पानं वाचून दाखवली. घाबरून मान वरसुद्धा केली नाही.

मान खाली घालून वाचत होते, तात्या. माझे ओठ तुम्हाला दिसतही नव्हते.

वाचून झालं. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मग म्हणालात, "एक शब्दही बदलू नकोस. तू लिहिण्यासाठी आहेस."

मी जामखेडला नकार कळवला. तिसऱ्या दिवशी दादा गोठ्यातूनच म्हणाले, "मास्तरीन झाली असतीस तर गावानं नाव घेतलं असतं. आता शिनेमावर लिव्हनार व्हय? त्यो तात्या म्हनला म्हनून?"

मी म्हणाले, "दादा, ते खोटं बोलत नाहीत."

"मग न्हाई बोलत. बस त्येंच्या शब्दावर."

बसले. साप्ताहिकात मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायची नोकरी धरली. माझा लेख छापून आला. संपादकांनी तो वाचलाही नव्हता. म्हणाले, "तात्यांनी ऐकलाय ना? मग झालं."

ऐकलाय ना!

या हिवाळ्यातला तो शुक्रवार आठवतो? मध्यंतरानंतर अख्ख्या एका रिळाचा आवाज गेला. मागून शिट्ट्या, आरडाओरडा, खुर्च्यांची आदळआपट. पडद्यावर म्हातारा बाप मुलाशी बोलत होता आणि टॉकीजमध्ये त्याचा एक शब्द कोणाला ऐकू येत नव्हता. मी तुम्हाला म्हणाले, "तात्या, आवाज गेला." तुम्ही पडद्यावरची नजर न काढता मान डोलावलीत. वहीत लिहीत राहिलात. मला वाटलं, काय ही एकाग्रता!

मंगळवारी तुमच्या सदराचं मुद्रित माझ्यापुढे आलं. त्यात होतं, "त्या प्रसंगातला बापाचा घोगरा, कापरा आवाज काळीज चिरत जातो."

मी तसंच घेऊन तुमच्या घरी आले. ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा चित्रपट तुम्ही आधी पुण्यात पाहिला होता का?" तुम्ही माझ्या बोटाकडे पाहिलंत, मग तोंडाकडे. आणि म्हणालात, "वाक्य तसंच ठेव."

ठेवलं. पुण्यात पाहिला असेल, असं स्वतःला समजावलं. तुम्हीच शिकवलं होतं ना, जे पाहिलं नाही, ऐकलं नाही, त्यावर एक अक्षर लिहायचं नाही?

तुमचे कान गेले याचा मला राग नाही, तात्या. ते कोणाचेही जातील. तुम्ही मला सांगितलं असतंत तर प्रत्येक खेळाला मी शेजारी बसून संवाद लिहून दिले असते. आनंदानं! वाचकांपासून लपवलंत, तेही समजू शकते. सदर गेलं असतं तर तुमच्याजवळ काय उरलं असतं? पण माझं आयुष्य तुमच्यासमोर मांडलं होतं मी. त्यावर न ऐकता "बदलू नकोस" म्हणालात?

काल रात्रीच्या रागात नाही, आज भर दुपारी, शांत डोक्यानं मी तो लेख काढून वाचला. पहिली चार पानं भाषणासारखी आहेत. सातव्या पानावर मी स्वतःचंच म्हणणं खोडून काढलंय आणि मला पत्ता नाही. शेवट उसना आहे. पूर्वी असतं तर तुम्ही मला दुसऱ्या पानावरच थांबवलं असतंत. रडवलं असतंत. मला तेच हवं होतं, तात्या. नुसती शाबासकी मला गावातही कोणीही दिली असती.

मला लिहिता येतं की नाही, हे आज कोणालाच माहीत नाही. मलाही नाही. जामखेडची जागा केव्हाच भरली.

अक्कांना हे पत्र वाचून दाखवलं. छापू का, विचारलं. डोळे पुसत म्हणाल्या, "छाप. त्यानं लपवलं, मी कशाला लपवू?" म्हणून छापते आहे. पुढच्या अंकात त्याच जागेवर त्या बापाच्या आवाजाच्या वाक्याची दुरुस्ती येईल. माझ्या नावानं, कारण ते वाक्य मी जाऊ दिलं होतं. त्यानंतर लिहीत राहीन. वाईट असेल तर वाचक सांगतील, त्यांना ऐकू येतं.

आणि एक वचन देते. कधी कोणी पोर आपली पानं घेऊन माझ्यापुढे बसली आणि माझं लक्ष नसलं, कान नसले, काही नसलं, तर मी तिला सांगेन, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा वाच."

तुम्ही एवढंच तर म्हणायचं होतंत, तात्या!

तुमच्या शब्दावर बसलेली,
कुसुम