जावयाचा फेटा आणि खाणीतला फुगवटा

तीर्थस्वरूप आबाजीमामांच्या पायांवर पिंपळीहून जावई दिग्विजयचं डोकं.

आपला गुडघा कसा आहे? मामींचा दमा थंडीत उचल खात नाही ना? शेळगावात उसाला तोड आली का? (आमच्याकडे टोळीचा पत्ता नाही.) मी हिमालयातून सुखरूप आलो, शिखर झालं, बोटं सगळी शाबूत आहेत. हे तुमच्या राजेश्वरीने फोनवर सांगितलंच असेल. पुढचं काय सांगितलं ते माहीत नाही, आणि मी फोन केला की ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र.

गावाने माझा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर माझ्यामागे छापलेलं शिखर माझं नव्हेच (छापणाऱ्याला ते जास्त उंच वाटलं), पण म्हटलं असू दे. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला, आणि सरपंच सुयोगरावांना हुक्की आली की साहेबांनी चढून दाखवावं. हलगीसकट वरात गावामागच्या बंद दगडखाणीत. खाण तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी लेकीला शोधत आलात तेव्हा ती खाली माझा दोर धरून उभी होती, आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. त्या कड्याच्या मधोमध कातळाचा बाहेर आलेला एक फुगवटा आहे. लग्नाआधीपासून मी त्याच्याशी झगडतोय, अजून जमलेला नाही. पण हिमालय करून आलेल्याला खाणीचं काय, या तोऱ्यात निघालो आणि फसलो. तिकडे महिनाभर जाड बूट घालून धापा टाकत चालायचं असतं, बोटांना काम नाही. छाती बैलाची झाली आणि बोटं वालाच्या शेंगांसारखी. त्यात फेट्यावर हेल्मेट बसेना, आणि गावाने बांधलेला फेटा उतरवायचा कसा? तसाच चढलो. फुगवट्याशी हात सुटले, फेट्याचा मागे सुटलेला शेमला चिरेत अडकला. मी दोरावर खाली आणि फेटा वर, उलगडून लोंबकळतोय. हलगी थांबली.

गावाचा मान असा टांगता ठेवायला नको, म्हणून राजेश्वरी निघाली. ओढणी कमरेला खोचली, चिरेतून फेटा काढला, खांद्यावर टाकला, आणि तिथून परत फिरायचं सोडून फुगवट्यावरून सरळ माथ्यावर! मी आ वासून बघत होतो. आई शांतपणे म्हणाली, "आरं, तू न्हवतास तवा रोज चढायची की. दोर मीच धरत हुते."

मामा, स्पष्टच लिहितो, मला हेवा वाटला. टाळ्या वाजवल्या, पण वाजवताना दात आवळलेले होते. आता दर रविवारी खाणीत गेलो की गुराखीसुद्धा विचारतात, "वैनी न्हाय आल्या व्हय?" शिखर कुठलं, हे कोणी विचारत नाही. वर ती मला समजावते की फुगवट्याशी डावा पाय आधी घ्यायचा. इतकी वर्षं मी उजवा घेतोय, आणि उजवाच घेणार. (डावा एकदा घेऊन पाहिला, तिची पाठ असताना. हातभर वर गेलो. हे तिला कळता कामा नये.)

मामींना नमस्कार.

आपला,
दिग्विजय

ता. क. : राजेश्वरीला महिनाभर माहेरी बोलवा. मामींना जरा खोकायला सांगा. तेवढ्यात मी फुगवटा करून घेतो.

आणखी एक ता. क. : वरचं लिहून आईच्या हाती दोर दिला आणि चढून पाहिलं. अर्ध्यावरून खाली बघतो तर दोर ढिला, आणि आई शेजारच्या सारजाकाकूंशी लसणाच्या चटणीवर बोलतेय. (सुनेचा दोर धरताना म्हणे पापणी लवत नाही.) मुकाट उतरलो. खरं सांगू? हिमालयात दोर धरणारे निष्णात होते, तरी मी दर वेळी वळून बघत होतो. राजेश्वरी खाली असली की मी वळून बघत नाही. तिला बोलावू नका. आणि हे मला तिच्यासमोर तोंडाने सांगवत नाही, तेवढं तुम्ही फोनवर सांगा.