खणाचं कव्हर

नारायण पेठ, पुणे
४ मार्च २०२५

चि. आमोद यास अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. दिवाळीत तू काकूला जो तुझा जुना लॅपटॉप मोठ्या मनानं दिलास, तो चार्जिंगला लावला की तव्यासारखा तापतो. काल तिची दोन बोटं भाजली. कोरफड लावून बाई पुन्हा त्याच्यासमोर बसल्या, कारण अडुसष्टाव्या वर्षी त्यांना एम. ए. व्हायचं आहे. प्रबंध वीस तारखेला द्यायचा आहे आणि तो सगळा त्या यंत्रात आहे. इकडे माझा जीव टांगणीला.

नको झालेल्या वस्तू घरातल्या म्हाताऱ्यांना द्यायच्या, अशी नवी रीत दिसते. आम्ही त्या भंगारवाल्याला देत असू. या आठवड्यात येऊन बघून जा. सौ. सलोनीला आशीर्वाद. लोभ आहे, पण सध्या रागाच्या खाली आहे.

तुझा,
श्रीधरकाका

कर्वेनगर
८ मार्च

ती. काकांना आमोदचा शि. सा. न. वि. वि.

भंगार वगैरे लिहायची गरज नव्हती. माझ्याकडे पाच वर्षांत तो लॅपटॉप एकदाही तापला नाही. तुमच्याकडे मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिक. काकूनं लॅपटॉपलाही कापूस भरून खणाचं कव्हर शिवलंय आणि चार्जिंगलासुद्धा ते काढत नाही, हे मी संक्रांतीला पाहिलं. गोधडीत गुंडाळलेलं यंत्र तापेल नाही तर काय? दोष लॅपटॉपचा नाही, शिवणकामाचा आहे. कव्हर काढा आणि टेबलावर ठेवून चार्ज करा. मार्चअखेर असल्यानं मला येता येणार नाही. राग नसावा असं लिहायची पद्धत आहे, पण मलाही आलाय.

आपला,
आमोद

नारायण पेठ
१५ मार्च

चि. आमोद,

ह्यांच्या नावाचं पत्र मी फोडलं. तुझं खरं मानून त्याच दुपारी कव्हर उसवलं. माझ्याच हौसेनं यंत्र बिघडलं, असं वाटून चार दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. शेवटचं प्रकरण तसंच पडून राहिलं.

काल पुन्हा चार्जिंगला लावला. कव्हर नव्हतं, खाली टेबल होतं, तरी तापलाच. मग हे त्याला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. बॅटरी फुगली होती. कव्हरानं भर घातली असेल, पण मूळ दुखणं चार्जरचं, असं तो म्हणाला. चार्जर या लॅपटॉपचा नव्हेच, कुठला तरी नकली. मी सलोनीला फोन केला. ती बिचारी सहज बोलून गेली, की जुना चार्जर तुझ्या नव्या लॅपटॉपला चालतो, म्हणून तो तू ऑफिसात ठेवलास आणि आमच्याकडे दुसराच पाठवलास.

प्रबंध मात्र त्यातून सुखरूप निघाला. शेजारच्या ऋचाच्या लॅपटॉपवर पुरा करते आहे. सलोनी काय म्हणाली ते ह्यांना सांगितलेलं नाही. ते तू रविवारी इथे येऊन, त्यांच्यासमोर बसून सांगायचंस.

मला राग चार्जरचा नाही. "काकू, चांगला मी ठेवू का?" एवढं विचारलं असतंस, तर मी हो म्हणून मोकळी झाले असते. माझी बोटं भाजल्याचं वाचूनही तू गप्प राहिलास, वर माझ्या शिवणीला नावं ठेवलीस. लिहिताना तुला खरं माहीत होतं, याचा राग आहे.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहिले नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हवे असतील तर येऊन, वाकून घे.

काकू